पाचव्या पानापासून

पहिला खून झाला तेव्हा विमल तांदूळ निवडत होती.

पडद्यावर एक उंच, फिकट बाई होती आणि तिच्या दुकानाबाहेर बर्फ पडत होतं. बाई शिंपीण. कोटाचं माप द्यायला आलेल्या माणसाच्या गळ्याभोवती तिनं मापाची टेप दोनदा गुंडाळली, खुर्चीला पाय लावला आणि ओढली. माणूस हिंदीतून ओरडला. सिनेमा कुठल्या देशातला होता देव जाणे, पण मरताना तिथली माणसं आपल्या तहसीलदारांपेक्षा शुद्ध हिंदी बोलत होती.

"टेपनं माणूस मरत नाही," बापूराव जगदाळे म्हणाले. "ताणते ती. चांगली दोन इंच ताणते."

बापूराव आमचे शेजारी, फौजदार म्हणून निवृत्त झालेले. खुनाचा सिनेमा त्यांना एकट्यानं बघवत नाही. भीती वाटते म्हणून नव्हे. चुका सांगायला समोर कुणीतरी लागतं. माझ्या पुतण्यानं पुण्याहून भिंतभर टीव्ही पाठवल्यापासून तो कुणीतरी मी होतो.

"मेला ना पण," मी म्हणालो.

"सिनेमात मेला. माझ्या हद्दीत नसता मेला."

विमलनं ताटातला खडा उचलून बाजूच्या वाटीत टाकला. "घाई करतेय," ती म्हणाली.

"कोण?"

"ही बाई. नवऱ्याला मारणारे चौघं आहेत ना? मग पहिल्यालाच दुकानात मारून कसं चालेल? उद्यापासून गिऱ्हाईक यायचं नाही. बाकीच्या तिघांना बोलावणार कुठं?"

बापूरावांनी मान वळवून तिच्याकडे आदरानं पाहिलं. "वहिनी, तुम्ही आमच्या खात्यात यायला हवं होतं."

"कुठल्या बाजूनं?" मी विचारलं.

दोघंही हसले नाहीत. सत्तरी उलटलेल्या विनोदी लेखकाला याची सवय करून घ्यावी लागते.

ही सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. कराडातलं आमचं घर, गुरुवार, दुपारचे साडेतीन. खोलीत आम्ही तिघं आणि माझ्या पुस्तकाच्या पाचशे प्रती. सुतळीनं बांधलेले गठ्ठे प्रेसवाल्यानं आदल्या दिवशी आणून टाकले होते. बापूराव एका गठ्ठ्यावर बसले होते आणि दुसऱ्यावर त्यांनी पाय ठेवले होते. माझ्या साहित्याचा एवढा उपयोग याआधी कुणी केला नव्हता.

पुस्तकाचं नाव 'खिडकीतून'. त्याच नावाचं माझं सदर आमच्या गावच्या पेपरात पंचवीस वर्षं दर रविवारी येत असे; ते बंद होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो. खातं पाणी अडवायचं आणि मी रविवारी लोकांना हसवायचो. दोन्ही कामं सारख्याच संथपणे चालत. शेजारीपाजारी, बाजारपेठ, कचेऱ्या, कुठं कोण कसा वागला ते मी लिही. गावाचं नाव बदलायचं, आडनाव बदलायचं, बाकी सगळं जसंच्या तसं. लोक म्हणत, काय नजर आहे हो तुमची! येत्या रविवारी टाउन हॉलमध्ये माझा सत्कार होता, पुस्तकाचं प्रकाशन होतं आणि सत्काराच्या पत्रिकेत माझ्या नावाआधी 'सूक्ष्म निरीक्षक' असं छापलं होतं.

मुखपृष्ठावर मी खिडकीतून बाहेर बघतोय असा फोटो आहे. तो बापूरावांच्या घरी काढला. आमच्या खिडकीत कूलर आहे.

प्रस्तावनेचं पहिलंच वाक्य मी ठासून लिहिलं होतं: 'या पुस्तकातलं एकही माणूस कल्पित नाही.' विमलला वाचायला दिली, तेव्हा ती चष्मा पुसत म्हणाली, "शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या नाहीत."

आता घरातल्या घरात कबूल करायला हरकत नाही, की मी खिडकीतून कधी पाहिलं नाही. ऑफिसातून घरी यायचो आणि खाटेवर पडायचो. गुरुवारी विमल दळण घेऊन यायची. त्या काळी पिठाच्या गिरणीत बायकांचे डबे रांगेत असत आणि डबे पुढं सरकेपर्यंत गावातल्या सगळ्या घरांची दारं उघडून व्हायची. ती पिठाचा डबा खाली ठेवायची, चहा टाकायची आणि चहाबरोबर मी विचारायचो, "काय म्हणते गिरणी?" ती सांगायची. तिचा कप रिकामा होईपर्यंत माझा लेख तयार असायचा. रात्रीच्या जेवणाआधी कागदावर उतरायचा.

तर पडद्यावर दुसरा खून आला. शिंपिणीनं या गृहस्थांना तापलेल्या इस्त्रीनं गाठलं. बापूरावांनी इस्त्रीला मान्यता दिली.

"हे होतं. एक केस होती माझ्याकडे, पाटणला."

आणि त्या मोकळ्या वातावरणात मला दुर्बुद्धी सुचली. पुस्तक छापून झालेलं, बापूराव माझ्याच गठ्ठ्यावर बसलेले. म्हटलं, आता सांगून टाकावं.

"बापूराव, रागावणार नसाल तर एक सांगतो. वीस वर्षांपूर्वी मी 'फौजदाराची कोठडी' लिहिलं होतं, आठवतं?"

"न आठवायला काय झालं! फौजदाराला बायको न्हाणीघरात कोंडून घालते. तो आतून कायद्याची कलमं ओरडतो आणि ती म्हणते, आधी लेखी जबाब द्या. मग तो दाराखालून चिठ्ठी सरकवतो." बापूराव पोट हलवून हसायला लागले. "काय हसलो होतो मी! उंब्रजच्या साळुंख्यावर होतं ना ते?"

"तुमच्यावर होतं."

बापूराव हसायचे थांबले नाहीत, पण हसण्यातून हळूहळू हवा गेली. "माझ्यावर?"

"तुम्हीच तो."

"मला कोण कोंडणार?"

"वहिनींनी नव्हतं कोंडलं? संक्रांतीच्या आदल्या दिवशी?"

बापूरावांनी गठ्ठ्यावरून पाय खाली घेतले. पोलिसात असताना ते जबाब घेताना असेच बसत असावेत. "हे बघा, त्या सालात मी गडचिरोलीला होतो. तीन वर्षं. पोस्टानं पेपर यायचा, तिथं वाचलं मी ते. आमची सुमन पोरांना घेऊन वाईला माहेरी. आणि दुसरं म्हणजे आमच्या न्हाणीघराला बाहेरून कडीच नव्हती. अजून नाही. चला दाखवतो."

"नको," मी म्हणालो.

"मला कोंडायला ती इथं हवी होती की हो," बापूराव म्हणाले. त्यांच्या सुमनताई जाऊन चार वर्षं झाली होती. "केलं असतं तिनं. सुचलं असतं तर केलं असतं."

मला वाटलं, एखादी गोष्ट सांगोवांगी इकडची तिकडे झाली असेल. गिरणीतल्या बातमीला पावती थोडीच असते. म्हणून मी दुसरी काढली.

"बरं, ते सोसायटीचे चेअरमन. सत्काराच्या शाली घरी आणून कुत्र्याला पांघरायचे. दर सणाला वेगळी."

"नलवडे? त्यांना कुठं कुत्रं होतं? लहानपणी चावलेलं होतं त्यांना. कुत्रं दिसलं तर रस्ता बदलायचे."

"टेलिफोन ऑफिसातल्या दोन बहिणी? एका पैठणीवरून भांडल्या आणि मधोमध कापून अर्धी अर्धी घेतली?"

"टेलिफोन ऑफिसात माझा मेव्हणा होता. सगळे बाप्ये होते तिथं. एक झाडायला यायची, ती मावशी साठीची."

मी विमलकडे पाहिलं. तिनं रिमोट उचलून आवाज वाढवला.

"नीट ऐकू येत नाहीये," ती म्हणाली.

तिसरा माणूस कसा मेला ते मला सांगता येणार नाही. माझे डोळे पडद्यावर होते एवढंच. बाई घड्याळाच्या मनोऱ्यावर होती आणि तो खाली होता, मधे काय झालं ते बापूरावांनी पाहिलं. "पंचनाम्यात अपघात म्हणून लागेल," असा निकाल देऊन ते उठले. पाच वाजले होते. त्यांची गोळीची वेळ आणि दूधवाल्याची वेळ एकच असते.

"चौथ्याला थांबवून ठेवा, आलोच," म्हणून ते गेले.

दार लागलं. विमलनं रिमोटचं बटण दाबलं. शिंपीण सुईत दोरा ओवता ओवता हात वर धरून तशीच राहिली.

"बापूरावांना कोंडलं नव्हतं?" मी विचारलं.

"नाही."

"कुत्र्याची शाल?"

"नाही."

"पैठणी?"

"पैठणी इंदूची. मला नसती सुचली."

ती परत तांदूळ निवडायला लागली. मी म्हणालो, "कोण इंदू?" पण ते उगाच. कोण इंदू ते मला ठाऊक होतं. नुसतं ते नाव आमच्या घरात अठ्ठावीस वर्षं उच्चारलं गेलं नव्हतं.

इंदू कोठावळे ही विमलची मैत्रीण. तिचा नवरा श्रीपाद कौलांच्या कारखान्यात टाइमकीपर होता. कारखाना बंद पडला आणि त्यानं ते कुणाला सांगितलं नाही. रोज सकाळी आठला इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघायचा. दिवसभर कृष्णेच्या घाटावर बसायचा, एक वाजता डबा खायचा आणि सहाला घरी यायचा. इंदूला ठाऊक होतं. ती रोज डबा भरून द्यायची आणि संध्याकाळी विचारायची, आज काम फार होतं का? असे आठ महिने गेले. हे तिनं गिरणीत विमलच्या कानात सांगितलं, विमलनं चहाबरोबर मला सांगितलं आणि मी 'डबा' हा लेख लिहिला.

माझा सगळ्यांत गाजलेला लेख. त्यात मी श्रीपादचा मास्तर केला होता आणि कराडचं दुसरंच काहीतरी केलं होतं. 'नदीतले मासेसुद्धा त्याच्या बटाट्याच्या भाजीला कंटाळले होते,' हे वाक्य लोक मला रस्त्यात थांबवून ऐकवायचे. पुस्तकात पहिलं पान ते चौथं पान, 'डबा'. आणि रविवारी टाउन हॉलमध्ये मी तोच वाचून दाखवणार होतो. समितीची तशी फर्माईशच होती.

"श्रीपाद सुरतेला गेला," मी म्हणालो. "त्याला तिकडं नोकरी लागली. मग इंदू इचलकरंजीला भावाकडे गेली. तूच सांगितलंस."

"हो," विमल म्हणाली. "आम्ही दोघींनी मिळून रचलेली पहिली गोष्ट ती."

मला वाटतं मी हसलो. तोंड आपल्या सवयीनं वागतं.

"तुमचा लेख रविवारी आला," ती म्हणाली. तिचा आवाज तांदळाच्या ताटाशीच बोलत होता. "दुपारपर्यंत गल्लीत सगळ्यांनी ओळखलं. मास्तर म्हटल्यानं काय होतं? घाटावर डबा खाणारा दुसरा कोण होता? कुणीतरी पोरानं त्यांच्या दारावरून जाताना म्याँव म्याँव केलं, माशांसाठी. श्रीपादभाऊजींनी पेपर वाचला. घडी घालून ठेवला. सोमवारी सकाळी आठला शर्ट घातला. इंदू म्हणाली, आज राहू द्या. ते म्हणाले, दे. तिनं डबा भरून दिला."

"मग?"

"सहाला आले नाहीत. मंगळवारी सकाळी धुणं धुणाऱ्या बायकांना डबा सापडला. घाटाच्या शेवटच्या पायरीवर. घासलेला. धुऊन पालथा घातलेला, वाळायला ठेवतात तसा."

"आणि तो?"

"डबाच सापडला."

कूलर चालू होता. त्याला पाणी नव्हतं, नुसता खडखडत होता. मी उठून तो बंद केला, परत येऊन बसलो आणि मग कळलं, की मी गठ्ठ्यावर बसलोय. तिथून उठून खुर्चीवर बसलो.

"पेपरात कसं आलं नाही?"

"कुठल्या पेपरात? तुमच्या?" तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "इंदूनं तक्रारच दिली नाही. तक्रारीत कारण लिहावं लागतं. आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात बसून ठरवलं, सुरत म्हणायचं. लांब आहे, कुणी बघायला जात नाही. महिनाभरानं ती भावाकडे गेली."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्या गुरुवारी तुम्ही विचारलंत, काय म्हणते गिरणी. तो डबा तिकडं इंदूकडे पडला होता आणि तुम्ही कप हातात घेऊन असे बसला होतात, पुढं वाकून. मला वाटलं, आत्ता हेही सांगितलं तर हेही लिहाल."

मी नाही म्हणणार होतो. तोंड उघडलंही. पण अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा मी मला चांगला माहीत आहे, आणि तो खात्रीलायक माणूस नव्हता.

"तेव्हाच ठरवलं," ती म्हणाली, "तुमच्या हाती खरं माणूस द्यायचं नाही. त्या गिरणीत जाणंच सोडलं. रेशन दुकानामागच्या गिरणीत जायला लागले, तिथं गर्दी नसायची. दळण होईपर्यंत उभी राहून काहीतरी जुळवायची. पहिले दोन-चार गुरुवार जड गेले. मला कुठं येतंय तसलं! मग इंदूला पत्र लिहिलं."

"तिनं कशाला मला मदत करायची?"

"तुम्हाला कोण करतंय? गावात अजून माणसं होती, ती वाचवायची होती. आधी तिनं उत्तरच दिलं नाही. दीड वर्षानं एक अंतर्देशीय पत्र आलं. त्यात कुत्र्याची शाल होती, सबंध लिहिलेली. खाली म्हटलं होतं, लिहिताना हसू आलं, भाऊ बघायला आला काय झालं म्हणून. मग दर आठवड्याला पत्र यायला लागलं. चांगल्या चांगल्या सगळ्या तिच्या. न्हाणीघर माझं."

बावीस वर्षं. दर रविवारी लोक मला म्हणत, काय नजर आहे हो तुमची! ती नजर इचलकरंजीत एका माडीवर बसली होती, आणि ती कुणाची होती तर त्या बाईची.

सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मी विचारलं ते हे: "पण लेख चांगले होते ना?"

विमलनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती. तिला नवीन काही दिसलं नसावं.

"भाषा तुमचीच होती," ती म्हणाली.

मी थिजून बसलो होतो. समोर ती शिंपीणही हात वर करून तशीच. आमच्यापैकी कुणी आधी हलावं असा प्रश्न होता.

"म्हणजे हा सूडच म्हणायचा," मी शेवटी म्हणालो. "बावीस वर्षांचा. तुमच्या दोघींचा."

"सूड कसला? सूड घ्यायचा असता तर तेव्हाच सांगितलं असतं. ज्याच्यावर घ्यायचा त्यालाच कळला नाही तर त्यात काय राम? तुम्ही तर खूश होतात. दोनदा बढती नाकारलीत, बदली होईल आणि सदर बंद पडेल म्हणून."

"मग आज कशाला सांगितलंस?"

तिनं ताट खाली ठेवलं. "परवा तुम्ही आरशापुढं उभं राहून वाचत होतात. डब्याचं झाकण उघडायचा आवाज तोंडानं काढत होतात. टक्, असा. एकदा जमला नाही म्हणून परत काढलात. मी बाहेर भाजी चिरत होते. इंदू आहे अजून. शहात्तर वर्षांची आहे, कान चांगले आहेत. रविवारी त्या हॉलमध्ये तीनशे माणसं त्या आवाजाला हसणार. ते मला चालायचं नाही. तुम्ही वाचायचं नाही, एवढंच सांगायचं होतं. बाकीचं बापूरावांमुळं निघालं."

एवढ्यात दार ढकलून बापूराव आत आले. त्यांच्या मिशीवर दुधाची साय होती.

"मेला का चौथा?"

"नाही अजून," विमल म्हणाली.

"बापूराव," मी म्हणालो, "तुमच्याकडे दाढीची ब्लेडं किती आहेत?"

बापूरावांनी पडद्यावरच्या बाईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग विमलकडे. चौकशी न करता त्यांनी उत्तर दिलं, हे त्यांच्या अख्ख्या नोकरीत बहुधा प्रथमच घडलं असेल. "दोन पाकिटं."

शुक्रवार आणि शनिवार आम्ही तिघं जमिनीवर बसून होतो. गठ्ठा सोडायचा, पुस्तक उघडायचं, पट्टी लावायची आणि प्रस्तावनेनंतरची पहिली दोन पानं, म्हणजे छापील चार, शिवणीजवळून कापून काढायची. फार आत गेलं तर शिवण उसवते, फार बाहेर राहिलं तर जाड कड दिसते. पन्नासेक प्रतींनंतर हात बसतो. विमलचं काम सर्वांत सफाईदार. बापूराव पट्टी न लावता कापायचे आणि त्यांना कारण सांगितलेलं नव्हतं. शनिवारी दुपारी त्यांनी आपण होऊन विचारलं, "कुणाला त्रास होणार होता का यानं?"

"झाला होता," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पुढची प्रत घेतली. पट्टीही घेतली.

कापलेली पानं विमलनं बंबात घातली. प्रस्तावना तशीच राहिली. तिच्यातल्या त्या पहिल्या वाक्यावर मी ब्लेड ठेवलंही होतं, मग उचललं. म्हटलं, विनोदी पुस्तक आहे, एखादा विनोद माझा स्वतःचा असावा.

रविवारी हॉल भरला होता. अध्यक्षांनी पुस्तक उघडलं आणि ते गोंधळले. मग माइकवर म्हणाले, "मंडळी, हे पुस्तक पाचव्या पानापासून सुरू होतं!" हॉल हसला. लोकांना वाटलं हा लेखकाचा खट्याळपणा आहे. कुणीतरी मागून ओरडलं, "पहिली चार पानं उंदरांनी वाचली!" आणखी हशा. मी उभा होतो, नमस्कार करत होतो आणि हसत होतो. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा हशा तो, आणि तो चालू असेपर्यंत मला पहिल्या रांगेतल्या विमलकडे बघण्याचं धाडस झालं नाही.

'डबा' वाचा, डबा, असा पुकारा झाला. मी 'फौजदाराची कोठडी' वाचली. दाराखालून चिठ्ठी येते त्या ठिकाणी बापूराव चौथ्या रांगेतून उठले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "तो मीच!" टाळ्या पडल्या. पुढं कितीतरी दिवस ते गावात सांगत होते, सुमननं मला संक्रांतीच्या आदल्या दिवशी कसं कोंडलं ते. आता तर तारीखसुद्धा सांगतात. मी दुरुस्त करत नाही.

चौथ्याचं काय झालं ते मला अजून माहीत नाही. विमलनं तो सिनेमा नंतर एकटीनं पुरा केला. मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

एक प्रत तिनं इचलकरंजीला पाठवली. मला न विचारता, पण माझ्यादेखत. पाकिटावर पत्ता मला लिहायला लावला. मी लिहिला. आत काहीतरी लिहावं म्हणून पेन घेऊन तासभर बसलो. पंचवीस वर्षं दर आठवड्याला नऊशे शब्द लिहिणारा माणूस मी. त्या दिवशी 'सादर' एवढंच उमटलं आणि खाली सही.

तीन आठवड्यांनी तीच प्रत पोस्टानं परत आली. पत्र नव्हतं. मी पुस्तक उघडलं, तर कापलेल्या पानांच्या कडेला, जिथं 'डबा' असायला हवा होता तिथं, पेपरातलं कात्रण ठेवलेलं होतं. तेच, अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं, पिवळं पडलेलं, चार घड्यांवर झिजलेलं. श्रीपाद कोठावळेंनी घडी घालून ठेवला होता त्याच पेपरातलं असावं.

सबंध लेखाला कुठं हात लावलेला नव्हता. फक्त माशांच्या त्या वाक्यात पेन्सिलीनं एक शब्द खोडला होता. 'बटाट्याच्या' खोडून वर लिहिलं होतं, 'शेपूच्या'.

आणि समासात, बारीक, सरळ अक्षरात:

'त्यांना बटाटा चालत नसे.'